नाकाचं वजन

४ ऑगस्ट

व्याहीबुवांना नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, घरात सगळे ठीक आहेत. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी मी "खारूला ताप आहे" म्हणाले आणि तुम्ही "वा वा, छान झालं" म्हणालात. चाळीस वर्षं पत्र्यावर हातोडे मारल्यावर कानांनी राजीनामा दिला तर त्यांचा दोष नाही. शिवाय फोनवर आपण दोघंही "बरं बरं" म्हणून ठेवून देतो, आणि या वेळी मला "बरं बरं" नको आहे.

रविवारी तुमच्या सूनबाई, म्हणजे आमची लेक, जेवायला आली होती. तिने सांगितलं की तिच्या कार्यालयाने पठारावरच्या विहिरींचं पाणी मोजायचं काम तिला देऊ केलंय. दोनशे दहा विहिरी, आठ महिने. राहायला जागा नाही, निम्म्या ठिकाणी रस्ताही नाही. म्हणून ती, जावईबापू आणि आपली पाच वर्षांची नात खारू, तिघंही तुम्ही बांधताय त्या कॅम्पर ट्रेलरमध्ये राहणार. पुढे फोर बाय फोर गाडी, मागे हे दोन चाकांवरचं घर, आणि स्टीअरिंगवर माझी मुलगी. जावईबापू तंबूत बसून पुस्तकांसाठी चित्रं काढणार आणि खारूला शिकवणार म्हणे. सगळं ठरलंय, फक्त माझा होकार बाकी आहे.

ती म्हणाली, "आई, तू नको म्हणालीस तर मी नाव मागे घेईन. पंधरा ऑक्टोबरपर्यंत कळवायचंय." बोलायला सोपं आहे. हे गेल्यापासून या गावात मला तीच एक आहे, दहा मिनिटांच्या अंतरावर. हो म्हणायचं तर मला समजून म्हणायचंय. चौतीस वर्षं गणित शिकवलं, त्यातली नऊ मुख्याध्यापिका होते. न कळलेल्या गोष्टीखाली मी कधी सही केलेली नाही.

तेव्हा मला तीन गोष्टी सांगा. हे प्रकरण एकूण किती वजनाचं आहे आणि ते गाडीला कसं पेलतं? उतारावर मागचं वजन पुढच्याला ढकलत नाही का? आणि तुमच्या घरात असं काही ओढत याआधी कोणी चालवलंय का? जावईबापूंना तर सायकलही वळवता येत नाही, ते मी पाहिलंय.

घरी विहीणबाईंनाही नमस्कार सांगा. त्यांचा पाय थंडीत दुखतो का अजून?

तुमची विहीण


११ ऑगस्ट

विहीणबाई, सादर प्रणाम.

पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघूनच मी ताठ बसलो. शाळेत असताना गणिताच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली की घरी मार ठरलेला असे.

तुमच्या चिरंजीव जावयाबद्दल म्हणता ते खरं आहे. दिव्याखाली अंधार. बापाचं आयुष्य गाड्यांखाली गेलं आणि पोराला क्लच कुठे ते सांगता येत नाही. पण चित्रं चांगली काढतो. सूनबाईंचा हात मात्र पक्का आहे. गेल्या महिन्यात ट्रेलर लावून मागे घ्यायला शिकवलं, तर तिसऱ्या खेपेला बरोबर दोन खांबांच्या मध्ये नेऊन उभा केला. मागे घेताना स्टीअरिंग उलटं फिरवावं लागतं. भल्याभल्यांची तिथे भंबेरी उडते.

आता वजनाचं. ट्रेलर भरून साडेआठशे किलो होईल. गाडी याच्या दुप्पट ओढते, तेव्हा ओढायची काळजी नको. खरी गोष्ट आहे नाकाची. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या मागच्या गोळ्यावर बसतो, त्याला आम्ही नाक म्हणतो. एकूण वजनाचा दहावा हिस्सा त्या नाकावर यायला हवा. माणसांत नाकापेक्षा मोती जड झालेला चालत नाही, ट्रेलरमध्ये नाकच जड लागतं. नाक हलकं पडलं की मागची बाजू शेपूट हलवायला लागते. मोजायची पद्धत साधी आहे: दांड्याखालचं छोटं चाक आपल्या न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचं. आमच्या मंडळींचा काटा मी त्यासाठी पळवतो, आणि मग सकाळी त्यांना त्यांचं वजन ऐंशी किलो दिसतं, काटा बिघडला म्हणून.

उताराचंही सांगतो. या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत, आणि त्यांचं बटण गाडीत डाव्या हाताशी. गाडीच्या ब्रेकवर पाय न देता नुसता ट्रेलर धरता येतो. मागून पुढच्याला ढकलणं बंद. बाकी चाकं मोठी आहेत, स्प्रिंगचे पाटे जाड आहेत, आणि वाळूत हवा कमी करायची. स्वयंपाकाचा ओटा मागे ओढून काढायचा, तंबू वर उघडतो, खारूची झोपायची जागा खिडकीशी.

तुम्हाला शब्दांपेक्षा आकृती आवडेल म्हणून आराखडा सोबत जोडतोय. हिशेब तुम्हीच तपासा. घोडामैदान जवळच आहे.

आमच्या घरून नमस्कार. पाय ठीक.

आपला व्याही


१९ ऑगस्ट

व्याहीबुवा,

आराखडा तपासला. तुम्ही तपासा म्हणालात म्हणून लाल पेनाने तपासला, तो परत पाठवतेय.

पहिली गोष्ट. तुम्ही लेकीला सांगितलंत की ट्रेलर नवा बांधताय. या कागदाच्या कोपऱ्यात जी तारीख आहे ती आठ वर्षांपूर्वीची. आपल्या मुलांच्या लग्नाच्याही आधीची. तुम्ही घाईत कपाटातला जुना कागद पाकिटात घातलात, असं मी धरून चालते.

दुसरी गोष्ट. या कागदावर पाण्याची टाकी चाकांच्या आसामागे आहे, ओट्याखाली. त्यावर काट मारून बाण काढलाय आणि टाकी पुढे नेलीय. काट इतकी जोरात मारलीय की कागद फाटलाय. मी शिक्षक आहे, अशा रागाने मारलेली काट मला ओळखू येते. म्हणून गणित मांडलं. ऐंशी लिटरची टाकी, आसामागे एक मीटर वीस. नाकापासून आस तीन मीटर. टाकी भरली की नाकावरून बत्तीस किलो उचलले जातात. मागेच दोन जादा चाकं आणि गॅसची टाकी, मिळून पासष्ट किलो, दीड मीटरवर. म्हणजे आणखी साडेबत्तीस. तुमचं नाक ऐंशीचं असेल तर उरतात साडेपंधरा. तुमच्याच नियमाने हे भयंकर आहे.

तिसरी गोष्ट अशी की माझ्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही. वर्गात मुलं असं करतात. येत असलेल्या दोन प्रश्नांवर चार पानं लिहायची आणि तिसरा प्रश्नच दिसला नाही असं दाखवायचं.

तो ट्रेलर त्या जुन्या आराखड्याप्रमाणे कधी रस्त्यावर गेला होता का? आणि गेला असेल तर पुढे काय झालं?

तुमची विहीण


२ सप्टेंबर

विहीणबाई,

दोन आठवडे पत्र लिहिलं नाही. रोज लिहायला बसत होतो आणि वर्कशॉपमध्ये काहीतरी काम काढून उठत होतो. शेवटी काम संपलं.

गेला होता. आठ वर्षांपूर्वी तो मी आमच्या दोघांसाठी बांधला. निवृत्तीनंतर फिरायचं असं आमचं फार दिवसांचं ठरलेलं होतं. ओटा मागे, म्हणून टाकी मागे, म्हणजे नळ हाताशी येतो. ही सोय आमच्या घरच्या मंडळींसाठी केलेली. नाक मोजलं तेव्हा ऐंशी किलो भरलं, अगदी हवं तेवढं. पण तेव्हा टाकी रिकामी होती. चाकं आणि गॅस चढवायचे होते. निघायच्या सकाळी सगळं भरलं आणि मी पुन्हा काटा लावला नाही.

विहीणबाई, गिऱ्हाइकाचं काम मी दोनदा मोजतो. फाटक असो, जिना असो, दोनदा. स्वतःचं एकदाच मोजलं, कारण ते माझंच होतं आणि मी चुकत नाही असं मला वाटत होतं. जे तुम्ही कागदावर पाच ओळींत काढलंत ते मला काढता आलं नसतं असं नाही. मी काढलं नाही.

उतारावर शेपूट हलायला लागलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग गाडीच ओढली जायला लागली. मी चालवत होतो. ब्रेक दाबला आणि ट्रेलर उलटला, गाडीलाही घेऊन. मला खरचटलं. तिचं खुब्याचं हाड मोडलं.

त्यानंतर दीड महिन्याने आम्ही तुमच्याकडे मुलांच्या लग्नाचं बोलायला आलो. ती काठी घेऊन आली आणि आम्ही सांगितलं, जिन्यावरून पाय घसरला. ज्याने स्वतःच्या बायकोला उताराखाली उलटवलं, त्याच्या घरात मुलगी कोण देईल, असं माझ्या मनात होतं. मुलगा आमचा होता आणि तुमची मुलगी त्याला फार आवडली होती. मुलाला सगळं माहीत आहे. त्याच्या तोंडात मिठाची गुळणी आम्हीच धरायला लावली. सूनबाईंना काही माहीत नाही.

सांगाडा तोच आहे. वाकलेला दांडा कापून नवा लावला, आस नवा, ब्रेक नवे, टाकी पुढे. आता तो चांगला आहे, दोनदा नाही, वीसदा मोजलाय. पण हे तुम्ही माझ्याकडून ऐकून कसं धरून चालायचं, ते मला सांगता येत नाही. मुलीला सांगायचं की नाही आणि काय ठरवायचं, ते आता तुमच्या हातात आहे.

आपला व्याही


३ सप्टेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या घरची पत्रं टाकायला मीच जाते, पाय मोकळा होतो. काल यांनी पाकीट दिलं ते नीट चिकटवलेलं नव्हतं. मी वाचलं. वाचून चिकटवलं आणि टाकलं. त्यात लिहिलेलं खरं आहे, एक गोष्ट सोडून.

गाडी हे चालवत नव्हते. मी चालवत होते.

तुम्हाला माहीत नसेल, मी वीस वर्षं आमच्या वर्कशॉपची गाडी चालवली. फाटकं, जिने, पाण्याच्या टाक्या, सगळं लोकांच्या दारी मीच पोचवायची. यांच्यापेक्षा माझा हात चांगला होता, हे तेही सांगतील. त्या दिवशी उतारावर मागून एक मोठा टँकर आम्हाला ओलांडून गेला, आणि त्याच्या वाऱ्याने ट्रेलर हलायला लागला. हे शेजारून ओरडले, पाय काढ, पाय काढ. मला ऐकू आलं होतं. तरी मी ब्रेक दाबला. घाबरलेला माणूस ब्रेकच दाबतो. गाडी थांबायला लागली आणि मागचं वजन थांबेना, ते आम्हाला वळसा घालून पुढे आलं.

हॉस्पिटलमध्ये पोलीस विचारायला आले तेव्हा मी शुद्धीवर नव्हते. यांनी सांगून टाकलं, मी चालवत होतो. नाहीतर लोक म्हणाले असते, बाईच्या हातात गाडी दिल्यावर दुसरं काय होणार. शुद्धीवर आल्यावर मला ते खोडता आलं असतं. मी खोडलं नाही. मला बरं वाटलं, खरं सांगते. आणि जिन्याची गोष्ट माझी आहे, यांची नाही. तुमच्या दिवाणखान्यात ती मीच सांगितली, अगदी कितव्या पायरीवरून पडले तेसुद्धा.

तेव्हापासून मी स्टीअरिंगला हात लावलेला नाही. लोकांना वाटतं पायामुळे. उजव्या पायाला काही झालेलं नाही, डावा खुबा मोडला होता, आणि तोही क्लच दाबण्याइतका कधीच बरा झालाय.

तुम्ही नको म्हणालात तर मी तुम्हाला दोष देणार नाही. पण हो म्हणायच्या आधी एक करा. सूनबाईंना इकडे घेऊन या. गावाबाहेर बंद पडलेली धावपट्टी आहे, तिथे कोणी नसतं. ट्रेलर मुद्दाम चुकीचा भरून, कमी वेगात, शेपूट हलतं म्हणजे काय होतं ते तिला हाताला कळू दे. हे यांना शिकवता येणार नाही. तो पाय माझा होता.

तुमची विहीण


२० सप्टेंबर

विहीणबाई,

हे पत्र तुम्हा दोघांना आहे, पण नाव तुमचं घातलंय, कारण तुमच्या पत्राने मला झोपू दिलं नाही.

मला राग आलाय, तो आधी सांगते. अपघाताचा नाही. अपघात कोणाचाही होतो. तुम्ही काठी टेकत माझ्या घरात आलात, मी धावत जाऊन पाठीला उशी आणली, दोन महिने सगळ्या नातेवाइकांना सांगत राहिले की बिचाऱ्या जिन्यावरून पडल्या तरी लग्नाच्या कामाला उभ्या आहेत. त्या गोष्टीतलं एक अक्षर खरं नव्हतं. माझ्या मुलीने आठ वर्षं तुमच्या जिन्याला कठडा करून घ्या म्हणून तुमच्या मागे धोशा लावला, आणि तुम्ही केलातही. चांगला जड लोखंडी कठडा केलात, पण तिला खरं सांगितलं नाहीत. याचा राग मला काही दिवस राहील. तो राहू द्या.

आता माझं. व्याहीबुवांची कबुली वाचली तेव्हा मला काय वाटलं ते लिहिते, कारण तुम्ही दोघांनी लिहिलंत आणि मी गप्प बसले तर ते बरोबर होणार नाही. मला आनंद झाला. हातात कागद होता, त्यावर माणसाचं मोडलेलं हाड होतं, आणि मला आनंद झाला की आता मला नाही म्हणता येईल. कोणी मला स्वार्थी म्हणू शकणार नाही. सगळे म्हणतील, बरोबर आहे हो आईचं.

मी ऑगस्टमध्येच नाही ठरवलेलं होतं. मला कारण मिळत नव्हतं, म्हणून मी आराखडा मागत बसले. उत्तर आधी ठरवायचं आणि मग त्याला साजेलसं गणित मांडायचं, यासाठी मी चौतीस वर्षं मुलांचे गुण कापलेत. ट्रेलर उलटेल याची मला भीती आहे, ती खोटी नाही. पण ट्रेलर सोन्याचा असता तरी मी नाहीच म्हटलं असतं. ती गेली की माझ्या दारात कोणी येणार नाही, हे खरं कारण आहे.

रविवारी लेकीला सगळं सांगितलं. तुमचं, तुमच्या पाठोपाठ माझं. तुमचं ऐकून तिने जावईबापूंकडे वळून पाहिलं. ते शेजारीच होते, त्यांनी मान खाली घातली. दोन दिवस त्या दोघांमध्ये फक्त खारू बोलत होती. माझं ऐकून ती एवढंच म्हणाली, "हे तू आधी सांगायला हवं होतंस." मग काल येऊन म्हणाली की तिला त्या धावपट्टीवर जायचंय.

चार ऑक्टोबरला सगळे येतो. मी मागच्या सीटवर बसणार आहे. नको म्हणू नका.

तुमची विहीण


८ ऑक्टोबर

विहीणबाई,

परवा तुम्ही सगळे ट्रेलर घेऊन घरी सुखरूप पोचल्याचं कळलं. राग अजून आहे का, ते विचारत नाही.

मला एक विचारायचं आहे आणि आमच्या घरून उत्तर मिळत नाही. मी, चिरंजीव आणि खारू धावपट्टीच्या कडेला उभे होतो. मला जे दिसलं ते असं. मागे वाळूची पोती भरलेली, सूनबाई गाडी घेऊन निघाल्या, वेग धरला, मग शेपूट हललं. खारूचा हात मी इतका घट्ट धरला की ती ओरडली. गाडी थांबली नाही, सरळ जात राहिली, आणि हळूहळू ट्रेलर शांत झाला. पार टोकाला जाऊन तुम्ही थांबलात. आणि मग दहा मिनिटं काहीच नाही. मी चालत यायला निघालो तर चिरंजीव म्हणाला, बाबा, राहू द्या त्यांना.

परत येताना गाडी बैलगाडीच्या वेगाने येत होती. जवळ आली तेव्हा पाहिलं, स्टीअरिंगवर आमची ही बसलेली. आठ वर्षांनी.

काय झालं त्या दहा मिनिटांत? विचारलं की म्हणते, बायकांचं काहीतरी. काल वर्कशॉपच्या गाडीची किल्ली खिळ्यावर नव्हती आणि ही भाजी आणायला गेली होती.

तुमच्या उत्तरालाही एकच आठवडा राहिला. काय ते कळवा. नाही म्हणालात तरी पत्र टाका.

आपला व्याही


१४ ऑक्टोबर

व्याहीबुवा,

विचारताय म्हणून सांगते. त्यांना सांगू नका मी सांगितलं म्हणून.

जाताना विहीणबाई लेकीला सारखं तेच ते सांगत होत्या. पाय उचल, ब्रेककडे नेऊ नको, हात सरळ ठेव, शेपटाच्या मागे स्टीअरिंग पळवू नको, डाव्या हाताने बटण दाब. पन्नासला पोचल्यावर त्या म्हणाल्या, "आता स्टीअरिंगला एक हिसका दे." लेकीने दिला. व्याहीबुवा, मी गणितात काढलेले साडेपंधरा किलो काय असतात ते मला तेव्हा कळलं. मागून कोणीतरी आम्हाला धरून गदागदा हलवतंय असं वाटलं. मी ओरडले असेन, मला आठवत नाही. लेक ओरडली नाही. तिने पाय उचलला, हात सरळ धरले, बटण दाबलं. चार वेळा जोरात हललं, मग तीनदा हळू, मग थांबलं.

मी मागून विहीणबाईंकडे पाहत होते. त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबलेला होता. इतक्या जोरात की चपलेचा पट्टा तुटला. त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, काहीच नव्हतं, तरी गाडी पार थांबेपर्यंत त्यांनी तो उचलला नाही. मग त्या पायाकडे बघून म्हणाल्या, "बघितलंस? हा अजून तेच करतो." आणि रडायला लागल्या.

लेक खाली उतरली, वळसा घालून आली आणि त्यांच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली. विहीणबाई नको म्हणत होत्या. माझं वय झालं, माझा खुबा, माझी चप्पल तुटलीय. लेक दार धरून उभीच. शेवटी मी मागून म्हटलं, "पुन्हा सोडवा." तोंडातून निघून गेलं, वर्षानुवर्षांची सवय. त्यांनी वळून माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता आपली सोयरीक तुटते. मग तुटकी चप्पल तिथेच टाकून, अनवाणी, त्या पलीकडे जाऊन बसल्या. वेगाचा काटा वीसच्या वर गेला नाही. तेवढंच झालं त्या दहा मिनिटांत.

माझ्या रागाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. आहे, पण त्याच्याशी आता भांडत नाही. तो जाईल तेव्हा जाईल.

आता उत्तर. लेक आज दुपारी आली, कार्यालयात द्यायचा कागद घेऊन. माझ्या समोर ठेवला आणि म्हणाली, "आई, तू अजून काहीच बोलली नाहीस." मी आधी ठरवून ठेवलेलं वाक्य होतं: मला चालेल, तू माझी काळजी करू नकोस. सगळ्या आया हेच म्हणतात. ते माझ्या तोंडातून येईना, कारण ते जिन्यावरून पाय घसरल्याइतकंच खरं होतं.

मी म्हटलं, "मला चालणार नाहीये. आठ महिने मला अजिबात चालणार नाहीये. तू जा."

तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, दोन्ही नक्की. तिने कागदावर सही केली. मी नेहमी रडू आलं की स्वयंपाकघरात जाते, नळ सोडते आणि भांडी घासत बसते, तिच्या वडिलांच्या वेळीही तेच केलं. आज उठले नाही. तिथेच बसून रडले, तिच्यासमोर, आणि तिने मला रडू दिलं.

तुमची विहीण